बावतीस सरांच्या पोकळ्या

मी दमून घरी येतो ही गोष्ट जगात एकाच माणसाला आवडते. आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या बावतीस सरांना. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास मी तीन मजले चढून वर आलो (लिफ्ट आहे, पण ती नुसतीच आहे) की त्यांचं दार किलकिलं होतं. आधी चष्मा बाहेर येतो, मागून सर येतात. खांद्यावरून घसरलेली बॅग, सुटलेला शर्ट, उतरलेला चेहरा, सगळं नीट न्याहाळतात आणि समाधानाने विचारतात, "सावंत, दमलात ना?"

"दमलो."

"पुरते?"

"पुरता."

"उत्तम. या मग. चहा ठेवलाय."

आम्ही या इमारतीत राहायला आल्यावर दोनेक वर्षांनी सरांनी मला असं पहिल्यांदा बोलावलं तेव्हा मला वाटलं, काय माणुसकी आहे. वसईची माणसं प्रेमळ असतात असं ऐकून होतो. आठवड्याभराने कळलं की सरांना मी नको होतो, माझा थकवा हवा होता. "ताज्या माणसाचा भरवसा नाही हो," ते म्हणाले, "ताजा माणूस उत्साहाच्या भरात नसलेलंही बघतो. दमलेला माणूस आहे तेवढंच बघतो. जास्तीचं बघायला त्याच्यात जीवच नसतो." एका रविवारी दुपारी मस्त झोप काढून, तोंड धुऊन मी आपण होऊन त्यांच्याकडे गेलो, तर त्यांनी मला दारातूनच परत पाठवलं. आज तुम्ही उपयोगाचे नाही, म्हणाले. मी घरी येऊन हे वैशालीला सांगितलं. ती म्हणाली, निदान कुणाला तरी तुझ्या दमण्याचा उपयोग आहे, आम्हाला तर नुसतं ऐकावं लागतं.

बावतीस सर मूळचे वसईलगतच्या पापडी गावचे. वसईतल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झाले. बायको वारलेली, मूलबाळ नाही. हॉलमध्ये आल्तार, म्हणजे येशूचा देव्हारा, त्याच्या बाजूला बायकोचा फोटो, आणि बाकी सगळीकडे कागद. लोकांना जसा डायबेटीस असतो तशी सरांना पीएचडी आहे. जुनी आहे, आटोक्यात आहे, आणि पूर्ण बरी होणार नाही हे सगळ्यांनी धरून चाललेलं आहे. त्यांचे पहिले गाईड निवृत्त झाले, दुसरे परदेशी गेले, आता तिसऱ्या बाई आहेत त्या वयाने सरांच्या मुलीसारख्या. त्या सरांना 'सर' म्हणतात आणि फोनवर झापतात.

पीएचडीचा विषय पोकळी. एखादी गोष्ट भरलेली किती आहे याचं सरांना काहीच कौतुक नाही. "भरलेल्याचं मला सांगू नका, रिकामं किती ते बोला," हे त्यांचं पालुपद. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरीने टाकी पाऊण भरली असं सांगितलं की सर मागून विचारणार, पाव रिकामी कुठल्या बाजूने? पहिल्या दिवाळीला वैशालीने त्यांना डबा भरून बेसनाचे लाडू पाठवले. तिसऱ्या दिवशी डबा धुऊनपुसून परत आला, आत चिठ्ठी. 'लाडू उत्तम. डब्यात साधारण छत्तीस टक्के हवा होती. दोन आकारांचे लाडू वळल्यास आणखी मावतील.' वैशालीने दोन महिने त्यांचं नाव काढलं नाही. पण पुढच्या दिवाळीला तिने मोठ्या लाडवांबरोबर सुपारीएवढे बारके लाडू वळले आणि त्याच डब्यात वीस जास्त बसले. त्या दिवसापासून तिच्या लेखी सर विद्वान झाले.

तर चहा झाला की मला कॉम्प्युटरसमोरच्या लाकडी खुर्चीत बसवायचं. कॉम्प्युटर जुना. सुरू झाला की गिरणीसारखा घरघरतो. पडद्यावर राखाडी गोळ्यांचा एक वेडावाकडा पुंजका, हजारभर गोळ्यांचा. सरांनी कॉम्प्युटरमध्येच हे गोळे एकेक करून सोडलेले, जिथे टेकले तिथे चिकटलेले. त्या गोळ्यांच्या मधे ज्या फटी राहिल्या त्या मोजायच्या, हे सरांचं आयुष्याचं काम.

"मोजता कशा?" मी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"सोपं आहे. रिकाम्या जागेत कुठेतरी एक ठिपका ठेवायचा. तो ठिपका पोटात घेऊन मोठ्यात मोठा फुगा किती फुगतो ते बघायचं. आजूबाजूच्या गोळ्यांना टेकला, आता याहून मोठा होत नाही, की थांबायचं. त्या फुग्याची रुंदी तीच तिथल्या पोकळीची रुंदी."

"मग यात माझं काय काम?"

"काठावर घोळ होतो. पुंजक्याच्या कडेला ठिपका पडला की फुगा बाहेरच्या बाजूला फुगतच जातो. पापडीहून निघाला तो विरार गाठतो. म्हणून आधी ठरवायचं, हा ठिपका पुंजक्याच्या आत की बाहेर. आतला असला तरच मोजायचा. असे भांडणाचे पाचशे ठिपके आहेत. तिथे माणसाची नजर लागते."

"पण आत म्हणजे कुठे?"

"ते तुम्ही सांगायचं," सर म्हणाले. "मी सांगितलं तर ती माझी नजर झाली."

मग पडद्यावर एक लाल ठिपका यायचा. सर पुंजका सावकाश गोल फिरवून दाखवायचे, मी 'आत' नाहीतर 'बाहेर' म्हणायचो, सर चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता ते टाईप करायचे. रोज वीस ठिपके. दिवसभर ऑफिसात लोकांच्या तक्रारी ऐकून आलेल्या माणसाला हे काम बरं वाटतं. ठिपका वाद घालत नाही. याचा उपयोग काय, हे मी एकदाच विचारलं. पाणी गाळायचे दगड, औषधाच्या गोळ्या, माती, असं काहीबाही सांगून सर म्हणाले, उपयोग विचारू नका, उपयोग कळला की नजर लबाड होते.

महिनाभराने पाचशे ठिपके संपले तेव्हा सरांनी मला तक्ता दाखवला. माझ्या आधी आणखी एक निरीक्षक होऊन गेला होता. एका रकान्यात 'निरीक्षक एक', दुसऱ्यात 'निरीक्षक दोन', म्हणजे मी. पहिल्याने तीनशे बारा ठिपक्यांवर काम सोडलेलं. आणि त्याला जवळजवळ सगळंच आत दिसत होतं. मी ज्या ठिपक्याला ढळढळीत बाहेर म्हटलं, तोही याच्या मते आत. शेजारी शेऱ्यांचा एक रकाना होता. सरांनी तो मला कधी भरायला दिला नव्हता, पण या पहिल्या गृहस्थांनी तो मनसोक्त भरला होता. 'आत. लसणीची पाकळी राहील.' 'आत. वारा लागत नाय इथे.' 'आत. परत परत काय विचारतो?'

मी ते मोठ्याने वाचून इतका हसलो की चहा बशीत सांडला. "सर, हा कोण महात्मा? याने तर दार सताड उघडं टाकलंय." सरांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. पुढे आठदहा दिवस मला तो खेळच झाला. आल्याआल्या विचारायचो, काय म्हणतात आपले पहिले गृहस्थ, आज कुणाला आत घेतलं? सर चहा आणायला आत जात.

एका संध्याकाळी मी तिथे असतानाच गाईडबाईंचा फोन आला. सर फोन स्पीकरवरच ठेवतात, कानाला लावला की त्यांना दडपण येतं.

"सर, मुदतवाढ मार्चअखेर संपतेय. यानंतर मिळणार नाही, रजिस्ट्रेशनच रद्द होईल, मी काही करू शकणार नाही. दोन निरीक्षकांत एवढा फरक असला तर परीक्षक पहिल्याच दिवशी प्रबंध परत पाठवतील. तुम्ही निरीक्षक एक काढून टाका. दुसऱ्याचा डेटा पूर्ण आहे, चांगला आहे. तो घ्या आणि आठ दिवसांत सबमिट करा."

"बघतो," सर म्हणाले.

आठ दिवस झाले, दहा झाले, निरीक्षक एक आपल्या जागी. मला आता काळजी वाटायला लागली. एवढी वर्षं घासलेला माणूस, आणि एका रकान्यापायी सगळं पाण्यात जाणार. मी म्हटलं, "सर, त्या गाढवाला काढून टाका ना एकदाचं. मी आहे ना."

सर पडद्याकडे बघत म्हणाले, "ती माझी मिसेस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उठून काहीतरी सॉरी वगैरे बोललो, सरांनी हातानेच बसा म्हणून खुणावलं. मग त्यांनी सांगितलं. फिलोमिनाबाई दुपारची भांडीकुंडी आवरून दमून खुर्चीत बसायच्या, तेव्हा ते त्यांना ठिपके दाखवायचे. पुढे त्या आजारी पडल्या, तेव्हा तर दिवसभरच दमलेल्या असायच्या. आधी वीस, मग दहा, मग दोन-तीन. शेवटी शेवटी नुसती मान हलवायच्या, पण शेरा मात्र तोंडाने सांगायच्या. तीनशे बारापर्यंत झालं.

"तुम्ही बोललात त्यात चूक नाही," सर म्हणाले. "आकडे बघून मीही तेच म्हटलं असतं. पण सावंत, मी तिच्याबरोबर तीस वर्षं काढली. फिला चुकीचं बोलायची, पण एकसारखं बोलायची. आज एक, उद्या एक असं तिने कधी केलं नाही. माणूस एकसारखा चुकत असला तर त्याच्यामागे काहीतरी नियम असतो. तो मला सापडत नाही एवढंच."

होळीच्या सुट्टीला सर मला पापडीच्या बाजारात घेऊन गेले. फिलोमिनाबाईंची थोरली बहीण कात्रीनबाय तिथे रस्त्याकडेला बसते. लाल लुगडं, सत्तरी उलटलेली, समोर गोणपाटावर चिकूचे वाटे लावलेले. पाच खाली, चार वर, दोन त्याच्यावर, असा एकेक वाटा म्हणजे छोटी टेकडी. सर उकिडवे बसून एका वाट्यात डोकावायला लागले आणि सवयीने त्यांनी फटीत बोट घातलं. कात्रीनबायने त्यांच्या हातावर फटका दिला.

"आत नको चाचपू. ते आतलं हाय."

"आतलं म्हणजे कुठलं, बाय?" सरांनी विचारलं. हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारतात.

"आतलं म्हनजे गिऱ्हाइकाचा आंगठा पोचत नाय ते. गिऱ्हाईक आंगठ्यानं दाबून बघतो का नाय? मग नरम फल भायेर लावायचं, कडक आत." ती माझ्याकडे बघून जरा हसली. "चार दिवसांत पिकतात तेपन. फसवनूक नाय त्याच्यात. फिलाला इचारायचंस की हयात होती तवा. लहानपनी सगले वाटे तीच लावायची. माज्यापेक्षा बरे."

सर तसेच उकिडवे बसून राहिले. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून व्हर्नियर कॅलिपर काढला. लोकांच्या खिशाला पेन असतं, सरांच्या खिशाला व्हर्नियर असतो. आधी त्यांनी दहा-बारा चिकू मोजले. मग म्हणाले, "बाय, हात दे. आंगठा मोजतो."

कात्रीनबायने हात लुगड्याखाली घेतला. "आंगठा कशाला? वाडी लिवून घेतोस काय?"

तिला समजवायला पाव तास गेला, तरी मोजून होईपर्यंत तिने आजूबाजूला कुठे शाई दिसते का ते पाहून घेतलं. मी उगाच उभं राहण्यापेक्षा एक वाटा घेतला. घरी येऊन सोडला तर मधले तीन दगडासारखे कडक निघाले.

घरी येऊन सरांनी तोंडही धुतलं नाही. चिकूला आंगठा जेवढा, त्याच प्रमाणात पुंजक्यातल्या गोळ्यांना लागेल असा एक आंगठा त्यांनी कॉम्प्युटरमध्ये बनवला, म्हणजे आणखी एक गोळाच. तो पुंजक्याच्या चहूबाजूंनी फिरवला. हा गोळा जिथे शिरला ते बाहेर, जिथे त्याला शिरता आलं नाही ते आत. मग कॉम्प्युटरची उत्तरं फिलोमिनाबाईंच्या रकान्याशेजारी लावली. तीनशे बारापैकी तीनशे चार जुळली.

"आणि बाकीची आठ?" मी विचारलं.

"आठ वेळा माझ्यावर चिडलेली असेल," सर म्हणाले. इतकं हसताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. बाईने कधी फिजिक्स शिकलं नव्हतं, पण पडद्यावरचे गोळे तिने चिकूचा वाटा लावल्यासारखेच पाहिले होते. माझी उत्तरंही सरांनी तपासली. ती जुळली करंगळीच्या नखाएवढ्या गोळ्याशी. म्हणजे मी कुठल्याही बारीक फटीतून डोकं घालणार आणि सगळ्याला बाहेर ठरवणार. वैशालीला हे फार पटलं.

गाईडबाई फोनवर जवळजवळ ओरडल्याच. "सर, हा तर वेगळा चॅप्टर होतो. आत म्हणजे कुठे, हे किती मोठा गोळा फिरवता त्यावर ठरतं, याचा एवढा सुंदर पुरावा. पहिला निरीक्षक ठेवा. फक्त उरलेले एकशे अठ्ठ्याऐंशी ठिपके त्याच नियमाने कॉम्प्युटरकडून भरून घ्या, तक्ता पूर्ण करा आणि मार्चअखेरच्या आत द्या."

मला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी गेलो तो प्रबंधाला कव्हर कुठल्या रंगाचं घालायचं हे बोलायच्या तयारीने. सर कॉम्प्युटरसमोर बसले होते. पडद्यावर तीनशे तेरावा ठिपका. त्यांनी पुंजका सावकाश फिरवला, माझ्यासाठी फिरवायचे तसा. मग थोडं थांबले. मग कळ दाबली. उत्तर आलं, 'आत'. सरांनी मान डोलावली.

"आज एवढंच," म्हणाले. "मशीन तापतं."

दुसऱ्या दिवशी तीनशे चौदावा. तिसऱ्या दिवशी तीनशे पंधरावा. मी मनात हिशेब केला, या चालीने सर सप्टेंबरात पोचत होते. मार्च संपायला आठच दिवस उरले होते. माझा स्वभाव भांडखोर नाही, भांडायला ताकद लागते, पण त्या दिवशी मला राहवलं नाही.

"सर, कॉम्प्युटर हे सगळे एकदम काढू शकतो ना?"

"शकतो."

"मग रोज एक काय? बाई सांगतायत मुदत संपतेय. सगळं हातातोंडाशी आलंय. रजिस्ट्रेशन रद्द झालं तर त्यांचंही काम फुकट जाईल, फिलोमिनाबाईंचं."

सरांनी पुंजका उगाच एकदा गोल फिरवला. मग म्हणाले, "कालचा ठिपका बघितलात ना तुम्ही? मला वाटलं, बाहेर म्हणेल. आत म्हणाली."

मी बॅग उचलली. घरी येऊन हे वैशालीला सांगितलं. तिने विचारलं, मग तू काय म्हणालास? काही नाही, म्हटलं. बरं केलंस, ती म्हणाली, आणि भाकरी टाकायला उठली. त्यानंतर मी त्यांना घाई केली नाही, पण रोज जीव टांगणीला. तीनशे सोळा, तीनशे सतरा, अठरा. गाईडबाईंचे फोन यायचे आणि सर 'चालू आहे' म्हणायचे. ते खोटंही नव्हतं.

मार्चच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी मी वर आलो तर सरांचं दार सताड उघडं होतं. आत प्रबंधाचे बाकीचे सगळे कागद टाचून, थप्पी लावून ठेवलेले. सरांनी दाढी केली होती आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी कसा दिसतोय याच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"सकाळी युनिव्हर्सिटीत जायचंय," म्हणाले. "राहिलेले आत्ता एकदम काढू."

त्यांनी कॉम्प्युटरला सगळं सांगून ठेवलं होतं. फक्त एक कळ दाबायची बाकी होती. सरांनी बोट कळेवर ठेवलं. तसंच ठेवून बसले. पंखा फिरत होता, कॉम्प्युटर घरघरत होता, खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. मग सरांनी बोट उचललं आणि खुर्ची थोडी सरकवून मला जागा करून दिली.

"तुम्ही दाबा."

मला 'नाही' म्हणावंसं वाटत होतं. पण नाही म्हटलं तर आज होणार नाही, आणि आज झालं नाही तर कधीच होणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. मी कळ दाबली. दोन सेकंद लागले असतील. रकाना वरून खाली भरत गेला. आत, आत, बाहेर, आत, आत. शेजारचा शेऱ्यांचा रकाना तेवढा कोरा राहिला.

सरांनी चष्मा वर सरकवला आणि एकेक उत्तर वाचायला घेतलं, बोटाने ओळ धरून, अगदी पाचशेपर्यंत. मी शेजारी बसून राहिलो. शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. मी म्हटलं, "झालं, सर. अभिनंदन."

"हो, झालं," सर म्हणाले. त्यांनी बोट पडद्यावरून काढलं नाही. "सावंत, आता तिला विचारायचं काही उरलं नाही."